पापक्षमा आणि नवा जन्म नेमका केव्हा: विश्वास ठेवताना की बाप्तिस्मा घेताना?

पायवाट (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गेले काही महिने मी नवा करार क्रमाने वाचत आहे आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकापाशी येऊन अडलो आहे.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्र लोकांना सांगतो की पश्चात्ताप करा आणि पापांची क्षमा व्हावी म्हणून येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या, म्हणजे तुम्हाला पवित्र आत्म्याचे दान मिळेल (२:३८). हा क्रम मला सरळ वाटला. परंतु आठव्या अध्यायात शोमरोनातील लोकांचा बाप्तिस्मा झाल्यावरही त्यांना आत्मा मिळालेला नसतो. पेत्र आणि योहान येऊन त्यांच्यावर हात ठेवतात, तेव्हा तो मिळतो. दहाव्या अध्यायात तर सगळेच उलटे आहे. कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी शताधिपतीच्या घरी पेत्राचे बोलणे चालू असतानाच आत्मा उतरतो आणि पाण्याचा विषय मागाहून निघतो. पौलाच्या पत्रांकडे वळावे, तर रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो असे तो ठामपणे म्हणतो, आणि सहाव्या अध्यायात आपण बाप्तिस्म्याने ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो ते नव्या जीवनात चालावे म्हणून, असेही म्हणतो.

तेव्हा पापांची क्षमा माणसाला नक्की कोणत्या टप्प्यावर मिळते? आणि त्याला जोडूनच दुसरे विचारतो: माणूस विश्वास ठेवतो म्हणून त्याला नवे जीवन मिळते, की नवे जीवन मिळाले म्हणूनच तो विश्वास ठेवू शकतो? मी स्वतः विश्वास ठेवल्याला दीड वर्ष होऊन गेले आहे आणि माझा बाप्तिस्मा अजून व्हायचा आहे, त्यामुळे ही केवळ पुस्तकी जिज्ञासा नाही. कोणता पंथ खरा याचा निकाल मला नको आहे. कोण काय मानतो आणि कशाच्या आधारावर मानतो, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

समास

आपण दिलेले प्रसंग एका साच्यात बसत नाहीत हे खरे आहे. परंतु ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की त्यांच्यात एक साम्य दिसते, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचे मूळ तिथेच आहे. प्रेषितांच्या काळात विश्वास आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये काळाचे अंतर जवळजवळ नाहीच. पेन्टेकॉस्टला सुमारे तीन हजार माणसांची भर त्याच दिवशी पडली. इथियोपियाच्या अधिकाऱ्याने वाटेत पाणी दिसताच रथ थांबवायला सांगितले. फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाने रात्रीच्या त्याच घटकेला पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या आणि लगेच आपल्या घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला. ज्या मंडळीत दोन गोष्टी एकाच रात्री घडतात, तिथे त्यांपैकी कोणत्या गोष्टीने क्षमा मिळाली असे विचारायची वेळ कोणावर येत नाही. म्हणूनच पौलाला गलतीकरांस पत्रात (३:२६-२७) लागोपाठच्या दोन वाक्यांत दोन्ही म्हणता येते: विश्वासाने तुम्ही सर्व देवाचे पुत्र आहात, कारण ज्यांनी ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतला त्यांनी ख्रिस्ताला परिधान केले आहे. त्या ‘कारण’मध्ये आपल्याला कोडे दिसते, त्याला ते दिसत नव्हते.

पुढे हे अंतर दोन्ही बाजूंनी वाढले. एकीकडे नव्याने आलेल्यांसाठी दीर्घ शिक्षणकाळ आला आणि काही ठिकाणी तो तीन वर्षांपर्यंत गेला. बाप्तिस्म्यानंतर गंभीर पाप घडले तर पुन्हा क्षमा मिळणे कठीण, या भीतीने अनेकांनी तो लांबणीवरही टाकला. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मृत्यू जवळ आल्यावर बाप्तिस्मा घेतला. दुसरीकडे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा रूढ झाला, म्हणजे पाणी आधी आणि समजून-उमजून ठेवलेला विश्वास कित्येक वर्षांनी. आधी एकच असलेली घटना अशी ताणली गेल्यावर ‘क्षमा यातल्या कोणत्या टोकाला?’ हा प्रश्न अटळ झाला.

प्राचीन मंडळीतील धर्मशास्त्री ऑगस्टीनचे उदाहरण मला फार बोलके वाटते. मिलानमधल्या बागेत त्याचे मन पालटले ते ३८६ मध्ये, आणि तिथला बिशप अँब्रोज याच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला तो ३८७ च्या ईस्टरला. बागेतल्या त्या क्षणी संशयाचा सगळा अंधार ओसरला, असे त्याने लिहिले आहे, आणि गत आयुष्याची चिंता बाप्तिस्म्यानंतर आपल्याला सोडून गेली, असेही लिहिले आहे. मधल्या महिन्यांत तो क्षमा झालेला होता की नव्हता, या प्रश्नाला त्याच्या अनुभवातून एका शब्दाचे उत्तर निघत नाही. आपणही आज त्याच मधल्या काळात आहात.

आता २:३८ विषयी. मराठीत ‘म्हणून’ हा शब्द दोन कामे करतो. ‘क्षमा व्हावी म्हणून’ यात हेतू आहे, ‘क्षमा झाली म्हणून’ यात कारण आहे, आणि कोणता अर्थ घ्यायचा ते क्रियापदावरून कळते. मूळ ग्रीक वचनात ‘एइस’ हे शब्दयोगी अव्यय आहे आणि त्याच्यापुढे क्रियापद नसून ‘पापांची क्षमा’ हे नाम आहे, त्यामुळे वादाला जागा उरते. विश्वासाच्या क्षणीच क्षमा होते असे मानणाऱ्यांपैकी काही जण येथे ‘क्षमेला अनुसरून’ किंवा ‘क्षमा झाली असल्याने’ असा अर्थ लावतात आणि योनाच्या उपदेशावरून निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, या वाक्यातील (मत्तय १२:४१) त्याच अव्ययाकडे बोट दाखवतात. मला हे ओढून-ताणून केलेले वाटते. कारण प्रभुभोजनाच्या वेळी येशू आपले रक्त ‘पापांच्या क्षमेसाठी’ ओतले जात आहे असे म्हणतो (मत्तय २६:२८), तिथे ग्रीकमध्ये हेच शब्द आहेत आणि तिथे कोणीही ‘क्षमा आधीच झाली असल्याने’ असा अर्थ घेत नाही. मराठी बायबलने ‘व्हावी म्हणून’ हे रूप निवडले ते मला योग्य वाटते.

परंतु एवढ्याने निकाल लागत नाही, कारण कर्नेल्याचा प्रसंग शिल्लक राहतो. पेत्राच्या तोंडी तिथे शेवटचे वाक्य कोणते आहे ते पाहावे: जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला त्याच्या नावाने पापांची क्षमा मिळेल (१०:४३). हे शब्द उच्चारले जातात आणि त्याच क्षणी आत्मा उतरतो. पुढे यरुशलेमेतील सभेत पेत्र या घटनेचा अर्थ सांगताना पाण्याचा उल्लेखही करीत नाही. देवाने विश्वासाच्या द्वारे त्यांची अंतःकरणे शुद्ध केली, एवढेच तो म्हणतो (१५:९). शोमरोनाची गोष्ट वेगळी आहे. तिथे बाप्तिस्मा होऊनही आत्मा उतरला नव्हता, हे लूक आवर्जून नमूद करतो, म्हणजे त्यालाही ते नेहमीचे वाटत नव्हते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यातील जुन्या वैरामुळे, दोन वेगळ्या मंडळ्या उभ्या राहू नयेत यासाठी यरुशलेमेच्या प्रेषितांदेखत हे घडावे लागले, असे पुष्कळ भाष्यकार सुचवतात.

जुना पाठ

समास यांनी इतिहास चांगला मांडला आहे. मात्र त्यातून असे वाटू नये की बाप्तिस्म्यात क्षमा मिळते ही समजूत नंतरच्या ताणाताणीतून जन्माला आली. ३८१ च्या विश्वासांगिकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या अधिकृत कबुलीत, ‘पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा’ असे शब्द आहेत आणि ते पूर्वेकडील व पश्चिमेकडील मंडळ्या आजही म्हणतात. त्याच्या मुळाशी शास्त्रवचने आहेत. निकदेम या यहुदी पुढाऱ्याशी बोलताना येशू पाण्यापासून व आत्म्यापासून जन्म म्हणतो (योहान ३:५). तीताला लिहिलेल्या पत्रात ‘नव्या जन्माचे स्नान’ असा शब्दप्रयोग आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात बाप्तिस्मा आता तुम्हाला तारत आहे असे उघड म्हटले आहे, जरी ते शरीराचा मळ धुणे नव्हे हेही तिथेच सांगितले आहे. आणि स्वतः पौल! दिमिष्काच्या वाटेवर त्याने प्रभूला पाहिले, मग तीन दिवस तो आंधळा होता, उपाशी होता, प्रार्थना करीत होता. तरीही हनन्या नावाचा शिष्य त्याला म्हणतो की ऊठ, बाप्तिस्मा घे आणि आपली पापे धुऊन टाक (प्रेषितांची कृत्ये २२:१६). वाटेवरच सारे पूर्ण झाले होते, तर धुवायचे काय उरले होते?

कॅथलिक शिकवण ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ च्या सत्रात नेमक्या शब्दांत मांडली. पापी मनुष्य नीतिमान होतो तो नव्या जन्माच्या स्नानाने, किंवा त्या स्नानाच्या इच्छेने. हे शेवटचे चार शब्द वाद घालणाऱ्यांच्या नजरेतून नेहमी निसटतात, आणि प्रश्नकर्त्यांसाठी तर तेच महत्त्वाचे आहेत. ही सवलत ट्रेंटने नव्याने दिलेली नव्हती. सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ३९२ मध्ये बाप्तिस्म्याची वाट पाहत असतानाच मरण पावला, तेव्हा त्याने जी कृपा मागितली होती ती त्याला मिळालीच, असे अँब्रोजने अंत्यविधीच्या प्रवचनात सांगितले. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस कर्नेल्याचेच नाव घेऊन म्हणतो की बाप्तिस्म्याच्या इच्छेमुळे मनुष्याला त्याआधीही पापांची क्षमा मिळते, आणि प्रत्यक्ष बाप्तिस्म्यात ती कृपा अधिक परिपूर्ण होते. म्हणजे बाप्तिस्म्यावर एवढा भर देणाऱ्या परंपरेतसुद्धा आपले दीड वर्ष रिकामे धरले जात नाही.

प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याला बहुतेक लोक दुसऱ्या टोकाला बसवतात, ते चूक आहे. १५२९ मध्ये सामान्य लोकांसाठी लिहिलेल्या प्रश्नोत्तरांत बाप्तिस्मा पापांची क्षमा घडवून आणतो असे तो स्पष्ट म्हणतो. हे नुसत्या पाण्याचे काम नसून पाण्याबरोबर असलेल्या देवाच्या वचनाचे आणि त्या वचनाला धरून राहणाऱ्या विश्वासाचे आहे, अशी जोड तो देतो. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी तर तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा, तेलाचा अभिषेक आणि प्रभुभोजन एकापाठोपाठ एक देण्याची रीत ठेवली आहे. समास यांच्या भाषेत सांगायचे, तर त्यांनी अंतर वाढूच दिले नाही.

अन्वय

वरील प्रतिसाद आदराने वाचला, तरी एका ठिकाणी मतभेद नोंदवतो आणि मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, ज्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

मतभेद असा की या विषयावरचा पौलाचा सर्वांत सविस्तर युक्तिवाद रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि त्याचा सगळा भार ‘केव्हा’ या शब्दावरच आहे. अब्राहामाचा विश्वास त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो सुंता झाल्यावर की होण्यापूर्वी? पौल उत्तर देतो की पूर्वी. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातले हे वचन आहे आणि सुंता येते ती सतराव्यात. सुंता ही आधीच मिळालेल्या नीतिमत्त्वाचा शिक्का होती. बाप्तिस्मा सुंतेसारखाच शिक्का आहे असे मानणाऱ्या सुधारित (कॅल्व्हिनच्या विचारांच्या) परंपरेला इथूनच बळ मिळते. मंदिरातला जकातदार तर केवळ ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढे म्हणून नीतिमान ठरून घरी गेला. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन मिळाले. (तो पेन्टेकॉस्टच्या आधीचा म्हणून अपवाद आहे, असे उत्तर येते याची मला जाणीव आहे. अब्राहाम तर त्याहून कितीतरी आधीचा, तरी पौल त्याला नियम म्हणून पुढे करतो.) याच परंपरेच्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात एक समतोल वाक्य आहे: बाप्तिस्म्याचा परिणाम तो दिला जातो त्याच क्षणाशी बांधलेला नाही. त्याच कबुलीजबाबात हेही आहे की देवाने निवडलेल्यांना नीतिमान ठरवण्याचा संकल्प अनादिकाळी केला आणि ख्रिस्त त्यासाठी मरून उठला, तरी पवित्र आत्मा योग्य काळी ख्रिस्ताला त्यांच्या ठायी लागू करीपर्यंत ते नीतिमान ठरत नाहीत. ‘वधस्तंभावर सगळे झालेच आहे, मग केव्हा हा प्रश्नच कशाला’ असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आता आधी विश्वास की आधी नवा जन्म. (पुनर्जन्म हा शब्द मराठीत इथे टाळलेलाच बरा, तो उच्चारताच दुसराच अर्थ मनात येतो.) १६१८-१९ च्या डॉर्टच्या (सुधारित मंडळ्यांच्या) सभेच्या परंपरेतील लोक म्हणतात की नवा जन्म आधी, कारण इफिसकरांस पत्रानुसार आपण अपराधांमुळे मृत होतो आणि मृत मनुष्य विश्वास ठेवू शकत नाही. लुदियेचे अंतःकरण प्रभूने उघडले म्हणून तिने पौलाच्या बोलण्याकडे लक्ष दिले. योहानाच्या पहिल्या पत्रात (५:१) ‘जो विश्वास ठेवतो तो देवापासून जन्मलेला आहे’ या वाक्यातले क्रियापद ग्रीकमध्ये पूर्णकाळी आहे, म्हणजे जन्म आधीच झालेला आहे, हेही ते दाखवतात. याउलट आर्मिनियन आणि वेस्लियन परंपरा (आर्मिनियस आणि जॉन वेस्ली यांना मानणारी) म्हणते की देवाची पूर्वगामी कृपा मनुष्याला उत्तर देण्याइतके मोकळे करते, मनुष्य विश्वास ठेवतो आणि मग त्याला जन्म मिळतो. कारण ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार मिळाला (योहान १:१२), आणि तुम्ही विश्वास ठेवून जीवन मिळवावे म्हणून हे लिहिले आहे, असे तेच शुभवर्तमान शेवटाकडे सांगते (२०:३१).

दोन्ही बाजूंचे जाणते लोक हा क्रम घड्याळाचा मानत नाहीत. कशामुळे काय, एवढाच तो क्रम आहे. योहान ५:२५ मध्ये येशू म्हणतो की मेलेले देवाच्या पुत्राची वाणी ऐकतील आणि ऐकणारे जगतील. लाजराच्या कबरेपाशी हे डोळ्यांदेखत घडते. ‘लाजरा, बाहेर ये’ ही हाक त्याने जिवंत झाल्यावर ऐकली, की ऐकल्यामुळे तो जिवंत झाला? हाकेतच जीव होता, असे म्हटले तर माझ्यासारखा सुधारित परंपरेतला वाचक समाधान पावतो. आणि तो स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला, याकडे वेस्लीचा अनुयायी बोट दाखवतो.

पायवाट (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ‘स्नानाच्या इच्छेने’ आणि ‘त्याच क्षणाशी बांधलेला नाही’ ही दोन वाक्ये दोन विरुद्ध परंपरांतून येऊन इतकी जवळ येतील, असे वाटले नव्हते.

एक शंका मात्र उरते. दीड वर्ष असे मी लिहिले खरे, पण ते अंदाजाने. कोणत्या दिवशी माझा विश्वास सुरू झाला, हे मला सांगता येत नाही. काही जण आपली तारीख आणि वेळ सांगतात तेव्हा मी गप्प बसतो. शिवाय क्षमा एकदाच मिळते असे असेल, तर प्रभूच्या प्रार्थनेत ती रोज का मागायची?

समास

तारीख सांगणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध जॉन वेस्ली आहे: २४ मे १७३८, रात्री पावणेनऊच्या सुमारास. त्या वेळी ख्रिस्त आपली पापे हरण करतो याची खात्री आपल्याला दिली गेली, असे त्याने लिहिले. मात्र तो तेव्हा पस्तिशीच्या घरात होता, त्याचा बाप्तिस्मा बाळपणीच झालेला होता आणि त्याला पाळकपदाची दीक्षा मिळून जवळपास दहा वर्षे झाली होती. पावणेनऊला त्याला मिळाली ती क्षमा, की आधीच मिळालेल्या क्षमेची खात्री, यावर त्याचे चरित्रकार अजून वाद घालतात. मिळणे आणि मिळाल्याचे कळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वारा वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कोठून येतो हे कळत नाही, असे निकदेमाला सांगताना येशूने नव्या जन्माबद्दल नेमके हेच सांगितले. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना शब्दही एकच आहे. योहान आपल्या पहिल्या पत्रात मरणातून जीवनात पार गेल्याची खूण म्हणून तारीख मागत नाही. आपण बंधूंवर प्रीती करतो यावरून ते आपल्याला कळते, असे तो म्हणतो (३:१४). ही खूण आज तपासून पाहता येते.

रोजच्या क्षमेबद्दल मला योहानाचा तेरावा अध्याय पुरेसा वाटतो. पेत्र आधी पाय धुऊन घ्यायला तयार नसतो, आणि मग एकदम हात आणि डोकेही धुवा म्हणतो. ज्याचे स्नान झाले आहे त्याला पाय धुण्यापलीकडे कशाची गरज नाही, हे त्याला मिळालेले उत्तर. न्यायालयातली सुटका एकदाच होते. घरातल्या मुलाने बापाची माफी मागणे मात्र चालूच राहते. कॅथलिक परंपरेत बाप्तिस्म्यानंतरच्या गंभीर पापांसाठी प्रायश्चित्ताचा संस्कार आहे, त्याबद्दल जुना पाठ अधिक नेमके सांगू शकतील.

जुना पाठ

त्या संस्काराविषयी वेगळा धागा काढावा, येथे तो मावणार नाही. फक्त माझ्याच वरच्या लिखाणात एक भर घालतो. ‘नव्या जन्माचे स्नान’ यातील ‘नवा जन्म’ यासाठी तीताच्या पत्रात जो ग्रीक शब्द आहे, तो नव्या करारात आणखी एकदाच येतो: मत्तय १९:२८ मध्ये, जिथे मनुष्याचा पुत्र आपल्या वैभवी राजासनावर बसेल त्या वेळच्या साऱ्या सृष्टीच्या नवीकरणाविषयी येशू बोलतो. म्हणजे प्रश्नकर्त्यांनी विचारलेल्या ‘केव्हा’ला तिसरे एक टोक आहे आणि ते अजून यायचे आहे. पौलही रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ज्यांना आत्म्याचे प्रथमफळ मिळाले आहे तेसुद्धा शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहेत, असे लिहितो.

आणि आपल्या बाप्तिस्म्याविषयी: इथियोपियाच्या अधिकाऱ्याने पाणी पाहून फिलिप्पाला विचारलेला प्रश्न (प्रेषितांची कृत्ये ८:३६) एकदा स्वतःला विचारून पाहावा. मला बाप्तिस्मा घेण्यास काय अडचण आहे, असे त्याने विचारले होते.

पायवाट (प्रश्नकर्ता)

खरे सांगायचे तर अडचण हीच होती की आधी सगळे समजले पाहिजे, असे मी धरून बसलो होतो. प्रायश्चित्ताच्या संस्काराचा धागा आपण काढलात तर मी नक्की वाचेन.